आगाऊ घड्याळांचं घर

३ एप्रिल

ती. वहिनींना सा. न.

वहिनी, माझ्यावर अन्याय होतो आहे. लहानसहान असता तर मी तो माझ्या सदरात लिहून वर मानधन खाल्लं असतं. पण हा इतका मोठा आहे, की घरच्या माणसाशिवाय कोणाला सांगता येत नाही.

मी नव्या घरी राहायला आलो हे तुम्हाला माहीत आहे. घर चांगलं आहे, शेजारी मुका नसला तरी कमी बोलतो, नळाला पाणी असतं. पण रोज सकाळी पावणेसातला माझ्या खिडकीखाली एका शाळेची पिवळी बस येते आणि भोंगा वाजवते. येते हा तिचा अपराध नाही. वाजवते हाही नाही. तिचा अपराध असा, की ती वेळेवर येते. रोज! मी इथे आल्यापासून ती एकदा बंद पडली नाही, एकदा तिचं चाक बसलं नाही, तिच्या ड्रायव्हरला एकदा साधी सर्दी झाली नाही. वहिनी, माणसाला जगायला थोडी आशा लागते. दुकान उघडं असेल का, संपादक पैसे देईल का, लिफ्ट चालू असेल का, या सगळ्यात आशेला जागा आहे. या बसमध्ये नाही. रात्री अंथरुणावर पडताना मला ठाऊक असतं, की उद्या ती येणार.

शाळेला निषेधाचं पत्र लिहायला बसलो. 'आपली बस नेहमी वेळेवर येते, याचा आम्ही रहिवासी तीव्र शब्दांत' इथवर लिहून झालं आणि पुढे मागणी काय करावी तेच सुचेना. तुम्ही शाळेच्या ऑफिसात काम करता. या जमातीला बिघडवण्याचा काही उपाय असेल तर कळवा.

तुमच्या त्या गजराच्या घड्याळाचा गजर मी साडेआठचा लावत असे. आता ते बिचारं वाजायच्या आधीच मी छताकडे बघत पडलेला असतो. म्हणजे घड्याळही फुकट.

दादाला नमस्कार. त्याची घड्याळं सध्या किती पुढे आहेत?

तुमचा,
भोंगापीडित भाऊजी

११ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मला हसू नाही, रडू आलं. दुःखानं नव्हे, हेव्यानं.

आमच्या शाळेला बस पुरवणारा एक कंत्राटदार होता. त्याच्या बसगाड्या सुट्टीच्या दिवशी काय त्या वेळेवर असतील. फेब्रुवारीत एकदा मी ऑफिसला निघाले होते, तर वाटेतल्या एका थांब्यावर पहिलीतली एक पोरगी एकटी. बस सातला यायची, आठ वाजायला आले होते. आई बिचारी कामाला निघून गेलेली. पोरगी दप्तरावर बसली होती आणि मान वळवून रस्त्याकडे बघत होती. रडत नव्हती. रडत असती तर मी समजूत काढली असती. तिला सवय झाली होती, भाऊजी. तेच मला लागलं. हाताला धरून शाळेत नेली.

मग पालकसभेत मी, म्हणजे कोण, तर ऑफिसात फी घेणारी बाई, उभी राहिले आणि म्हणाले, "एवढ्या भरवशावर तर मी दुधाचं पातेलंसुद्धा गॅसवर ठेवत नाही." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, समज देणार. तर म्हणाल्या, "कंत्राट संपतंय. शाळा स्वतःच्या बस घेतेय. जूनपासून तुम्ही बघा." बोलेल तो करेल, या न्यायानं तीन बस, चार ड्रायव्हर आणि एकशे दहा पोरं माझ्या पदरात. आणि मेख अशी, की सुरुवातीलाच बोजवारा उडाला तर कंत्राटदार परत आणि मी तळघरात जुन्या उत्तरपत्रिका मोजायला. संस्थेच्या लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलेलं नाही, हे मला शिपायानं सांगितलं. मला तळघराची भीती नाही. पण त्या पोरीला पुन्हा दप्तरावर बसलेली बघायची नाही.

तेव्हा निषेध पुरे. खाली उतरा आणि त्या ड्रायव्हरला विचारा, की बाबा रे, तुझं गुपित काय.

फोन करू नका. फोनवर मी बोलायला लागले की तुमचे दादा मागून सूचना देतात. वजनमाप खात्यातून निवृत्त झाले, पण तपासणी थांबलेली नाही. जन्मभर दुकानदारांची खोटी मापं पकडणाऱ्या या माणसाच्या घरात एक घड्याळ खरं नाही! हॉलमधलं पंधरा मिनिटं पुढे, स्वयंपाकघरातलं दहा, बाथरूमबाहेरचं किती ते त्यांनाच माहीत. 'पुढे असलेलं बरं, उशीर होत नाही.' अहो, पण पुढे आहे हे सगळ्यांना माहीत आहे! आम्ही घड्याळ बघतो, मनात वजाबाकी करतो आणि तेवढेच उशिरा निघतो.

या घरात एकच घड्याळ खरं होतं. माझ्या माहेरचं, गजराचं. ते माझे एक दीर मुलाखतीला उसनं घेऊन गेले. नोकरी लागली, सुटली, ते लेखक झाले, घड्याळ अजून मुलाखतीलाच आहे. फुकट असेल तर परत पाठवा.

वहिनी

२० एप्रिल

ती. वहिनींना सा. न.

तुमच्या आज्ञेवरून मी काल सकाळी पावणेसातच्या जरा आधी, अंगावर शाल, पायात दोन वेगवेगळ्या चपला, अशा अवतारात रस्त्यावर उतरलो. मुलांनी मला पाहून रांग सरळ केली. लेखनातून समाजावर एवढा परिणाम मला आजवर साधला नव्हता.

ड्रायव्हर गलेलठ्ठ, मिशाळ, प्रसन्न. मी म्हटलं, "तुमचा वक्तशीरपणा वाखाणण्यासारखा आहे. याचं रहस्य काय?" तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, तो समोरचा पहिला मजला दिसतो ना, हिरवे पडदे? तिथं माझी सासू राहते."

"बरं मग?"

"सातला उठते. उठली की खिडकीत येते. खिडकीत आली आणि मी दिसलो, की खाली येते. खाली आली की बोलते." एवढं बोलून त्यानं घड्याळ पाहिलं, भोंगा वाजवला आणि गाडी निघालीसुद्धा.

थोडक्यात, ज्याला मी शिस्त समजत होतो ती भीती निघाली. बाकी जगातही बहुधा असंच असावं.

एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची. इतके दिवस मला वाटे, बस आल्याचा तो भोंगा. नाही. ती येते गुपचूप. भोंगा वाजतो निघताना. म्हणजे तो 'या' म्हणत नाही, 'गेलो' म्हणतो. त्यामुळे कोणी भोंग्याची वाट बघत घरात दूध पीत बसत नाही. सगळी पोरं आधीच रांगेत.

घड्याळाबद्दल : ते सध्या जरा नाजूक आहे. हवा मानवत नाही त्याला. प्रवास झेपेलसं वाटत नाही.

तुमचा,
शालधारी भाऊजी

४ मे

प्रिय भाऊजी,

हवा मानवत नाही म्हणे. घड्याळ आहे की तुमची मावशी?

पण सासूबद्दल तुमचे उपकार. तुम्ही विनोद म्हणून लिहिलंत, मी ते योजनेत घातलं. चारही ड्रायव्हरना एकेक करून बोलावलं, चहा दिला आणि मार्ग कोणता हवा ते विचारलं नाही, एवढंच विचारलं, "गावात कोणाला टाळता?" आधी लाजले. मग असे मोकळे झाले, की शिपायाला चहा पुन्हा ठेवावा लागला.

एकाचा साडू विमा विकतो. दिसला की धरतो, धरला की फॉर्म काढतो. तो राहतो नेमका आमच्या घराच्या कोपऱ्यावर. हा ड्रायव्हर एक नंबरच्या मार्गावर टाकला. दुसरा एका दातांच्या डॉक्टरकडून अर्धी दाढ तशीच सोडून पळून आलेला आहे. तो डॉक्टर राहतो दवाखान्याच्याच वर, दोन नंबरच्या तिसऱ्या थांब्यासमोर. तिसऱ्याला शाळेत गणित शिकवणारे गुरुजी अजून रस्त्यात उभं करून एकोणतीसचा पाढा विचारतात, आणि ते सकाळी फिरायला निघतात तीन नंबरच्या रस्त्यानं. आता यांतला एक तरी थांब्यावर गप्पा मारत उभा राहील का?

चौथ्याचं मात्र सगळ्यांशी पटतं. कोणाला टाळत नाही, सगळ्यांची चौकशी करतो, देवमाणूस आहे. त्याला राखीव ठेवला.

नियम दोनच केले. भोंगा निघताना, एकदाच. आणि वेळ झाली की कोणासाठीही थांबायचं नाही. साडूचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, कोणी मोठा माणूस असला तर?" मी म्हटलं, "मी असले तरी नाही." म्हणायला छान वाटलं.

वेळापत्रक छापून घराघरांत गेलं. महिनाअखेरीस रिकाम्या बसची नव्हे, पोरं घेऊन रंगीत तालीम आहे. सुट्टी असली तरी पालक पाठवतो म्हणालेत, पोरं घरात बसून त्यांना वीट आलाय.

बाकी घरात मौन. तुमचे दादा बसबद्दल एका शब्दानं विचारत नाहीत. रोज पहाटे स्कूटर काढतात आणि दोन तास गायब. 'व्यायाम' म्हणतात. स्कूटरवर बसून कसला व्यायाम? मी नोकरीत वर चढले ते बहुतेक रुचलेलं नाही. नाही तर नाही.

वहिनी

१२ मे

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून फाडून टाक. तुझ्या वहिनीला यातलं काहीही कळता कामा नये. तिला मदत केलेली आवडत नाही, हे मी संसारात शिकलो.

मी रोज पहाटे स्कूटरवरून तिचे तिन्ही मार्ग फिरतो आहे. एक नंबरच्या रस्त्यावर दोन खड्डे होते, नगरपालिकेत माझे जुने संबंध आहेत, बुजवून घेतले. तीन नंबरला रेल्वेचं फाटक आहे. ते कधी पडतं ते आठवडाभर उभं राहून बघितलं आणि निनावी चिठ्ठीनं शाळेला कळवलं. तुझी वहिनी म्हणत होती, 'कोणीतरी भला पालक आहे.' मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसलो.

शिवाय जनजागृतीही चालू आहे. थांब्यांवर लोक भेटतात. काल एक बाई फार घाबरल्या होत्या. म्हणाल्या, "छापलेल्या वेळेला बस खरंच येईल का हो? थांबणार नाही म्हणतात. आमचं पोर तर दात घासायलाच पाऊण तास लावतं." मी म्हटलं, "ताई, निश्चिंत राहा. ज्या बाईनं हे वेळापत्रक केलं, तिच्या घरची पद्धत मला पक्की ठाऊक आहे. वेळ नेहमी दहा मिनिटं आगाऊ लिहिलेली असते. आरामात या." किती हायसं वाटलं त्यांना! मग मी सगळ्याच थांब्यांवर सांगितलं. लोकांच्या मनावरचा ताण जातो.

तुझ्या वहिनीनं हे काम मनावर घेतलं आहे. रात्री झोपेत ती थांब्यांची नावं पुटपुटते. ते तळघर तिच्या नशिबी यायला नको. माझ्याकडून होईल तेवढं करतो आहे.

कळावे,
दादा

१९ मे

ती. दादाला सा. न.

पत्र वाचलं आणि फाडलं. खड्डे बुजवणारा नवरा हा विषय मला सदरासाठी हवा होता, पण शपथ घातलीस.

जनजागृती उत्तम. आगाऊ वेळ हा आपल्या घरचा शिरस्ताच आहे. आपल्या लग्नपत्रिकांवरच्या वेळासुद्धा पाहुण्यांनी वजा करूनच वाचल्या. चालू दे.

इथे शाळेला सुट्टी लागली. बस बंद. मी आता मनसोक्त झोपू शकतो. तरी रोज पावणेसातला जाग येते आणि खाली कोणी नसतं. विचित्र वाटतं.

छोट्या

२९ मे

प्रिय भाऊजी,

तालीम झाली. झाली कसली, शोभा झाली.

मोठ्या बाई, संस्थेचे दोघे आणि मी एक नंबरच्या बसमध्ये. पहिला थांबा : बस वेळेवर, अगदी ठरल्या मिनिटाला. थांब्यावर एक कुत्रं. दुसरा थांबा : बस वेळेवर. थांब्यावर तेच कुत्रं, आमच्यामागून पळत आलेलं. तिसऱ्यावर एक आजोबा होते, पण ते पेपर घ्यायला आलेले. ड्रायव्हर साडूच्या भीतीनं प्रत्येक ठिकाणी भोंगा वाजवून निघतोय, आणि आम्ही चौघं रिकाम्या बसमध्ये मंत्र्यांसारखे फिरतोय. संस्थेचे एक गृहस्थ म्हणाले, "बस छान आहे हो. आवाज अजिबात नाही." दोन नंबर, तीन नंबर, तीच कथा. आम्ही शाळेत परतलो तेव्हा फोन खणखणायला लागले. सगळी पोरं थांब्यावर. दहा मिनिटं उशिरा. सगळी! वर पालकच रागावलेले : "आम्हाला वाटलं, वेळ आगाऊ लिहिलीय."

भाऊजी, इतकी वर्षं मी या आगाऊ घड्याळांच्या घरात राहिले. हे वेळापत्रक करायला बसले तेव्हा ठरवलं, की एकदा, फक्त एकदा, वेळ जशी आहे तशी लिहायची. एक मिनिट पुढे नाही, एक मिनिट मागे नाही. खरं लिहिलं तर लोक खरं धरतील, असं मला वाटलं. आणि लोकांना पहिल्याच दिवशी वाटतं, की ही बाई आगाऊ लिहिते! ज्यांनी मला कधी पाहिलं नाही, त्यांना हे कोणी शिकवलं?

कंत्राटदार दुपारी शाळेत येऊन गेला. संस्थेच्या लोकांबरोबर चहा प्यायला. मोठ्या बाईंनी एवढीच मुभा मिळवली : दहा जून, शाळेचा पहिला दिवस. त्या पुन्हा एक नंबरनं येणार. त्या दिवशी पोरं थांब्यावर आणि बस वेळेवर, तर मी राहिले. नाहीतर तळघराची किल्ली शिपायानं आत्ताच पुसून ठेवली आहे.

यांनी रात्री ऐकलं आणि पाण्याचा पेला हातातच धरून बसले. 'वाईट झालं' एवढं म्हणाले. जेवले नाहीत. तेव्हा मात्र मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

घड्याळाचं काय झालं?

वहिनी

२ जून

दादा,

वहिनीचं पत्र आलं असणार हे तू ओळखलंच असशील. मी तुला 'चालू दे' लिहिलं होतं, तेव्हा निम्मा गुन्हा माझा. लिहिलेली वेळ खरीही असू शकते ही शंका आपल्या दोघांपैकी एकालाही आली नाही. आईबापांनी आपल्याला दूध पाजलं की वजाबाकी?

आता दोन कामं. एक : ज्या ज्या थांब्यावर तू लोकांना निश्चिंत केलंस, तिथे तिथे जाऊन त्यांना पुन्हा घाबरव. दोन : वहिनीला सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर ते विनोदी होईल, हे लक्षात ठेव.

छोट्या

९ जून

चि. छोट्यास आशीर्वाद.

पहिलं काम झालं. सगळे थांबे, सगळी घरं. प्रत्येक दारात म्हणालो, "मी चुकीचं सांगितलं. ही बाई खरी वेळ सांगते." एका आजीबाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?" म्हटलं, "नवरा." त्या म्हणाल्या, "मग बरोबर."

दुसरं काम काही केल्या जमत नाही. तिच्यासमोर उभा राहतो आणि गॅस सिलिंडरबद्दल बोलून परत येतो. पण मी एक ठरवलं आहे. बोलण्यापेक्षा करून दाखवावं. उद्या पहिला दिवस. आज रात्री ती झोपली की घरातली सगळी घड्याळं रेडिओशी लावून खरी करणार. हॉल, स्वयंपाकघर, सगळी. सकाळी तिच्या लक्षात येईल आणि मला काही बोलावंच लागणार नाही. तिला यापेक्षा मोठी भेट मी आजवर दिलेली नाही.

कळावे,
दादा

११ जून

प्रिय भाऊजी,

बसून वाचा.

काल सकाळी मी उठले, आवरलं. एक नंबरची बस आमच्या कोपऱ्यावर पावणेसातला. मोठ्या बाई त्याच बसनं आधीच्या थांब्यावरून येणार, मी कोपऱ्यावर चढणार. स्वयंपाकघरातल्या घड्याळात बघितलं, पावणेसातला पाच कमी. म्हणजे हातात पंधरा मिनिटं आहेत. चहा ओतला. निवांत प्यायले. यांना म्हटलं, "आज तुम्ही सारखे माझ्या तोंडाकडे का बघताय?" म्हणाले, "घड्याळ बघितलंस का?" म्हटलं, "बघितलं. आहे वेळ." कसेनुसे हसले. मी आणखी अर्धा कप घेतला.

आणि कोपऱ्यावर भोंगा वाजला. एकदाच.

भाऊजी, तो भोंगा काय म्हणतो ते या गावात माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? कप तसाच टाकून पळाले. रस्त्यावर आले तर बसची पिवळी पाठ. मी हात हलवला, ओरडले, पर्स हवेत फिरवली. आरशात ड्रायव्हरनं मला बघितलं. मी त्याला बघताना बघितलं. आणि त्या पठ्ठ्यानं गियर बदलला! विमेवाला साडू गॅलरीत उभा होता. तो मला म्हणाला, "वहिनी, चुकली का? या, बसा. तुमचा विमा आहे का हो?"

तेवढ्यात मागून स्कूटर. हे. "बस मागे!" मी बसले. आणि मग हेल्मेटमधून, वाऱ्यात, खड्डे बुजलेल्या रस्त्यावरून हे मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होते. घड्याळं, थांबे, आजीबाई, फाटक, चिठ्ठी. निम्मं वाऱ्यावर गेलं. उरलं तेवढं पुरे होतं. मी एका हातानं यांच्या पाठीत बुक्के मारत होते आणि दुसऱ्या हातानं पडू नये म्हणून यांनाच घट्ट धरलं होतं.

पुढच्या थांब्यावर बस गाठली. रांग, भाऊजी! सरळ रांग. आणि रांगेत ती पोरगी. दप्तर खांद्यावर, हात कमरेवर. मला स्कूटरवरून उतरताना बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही उशिरा आलात." मी म्हटलं, "हो गं बाई." तिच्यामागे उभी राहिले आणि माझा नंबर आला तशी चढले.

आत मोठ्या बाई बसलेल्या, आणि संस्थेचे ते दोघे. मला वाटलं, संपलं. जिनं वेळ पाळायला शिकवायचं तिचीच बस चुकली. मोठ्या बाई ड्रायव्हरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मी यांना म्हटलं, थांबा, मॅडम पळत येताहेत. तर हे म्हणाले, 'मॅडमनीच सांगितलंय, मी असले तरी नाही.'" मग संस्थेच्या गृहस्थांकडे वळून म्हणाल्या, "जी बस आपल्या मालकिणीसाठी थांबत नाही, ती आणखी कोणासाठी थांबेल असं वाटतं तुम्हाला?" गृहस्थ म्हणाले, "छे छे. आवाजही नाही अजिबात."

तिन्ही बस वेळेवर. एकशे दहाच्या एकशे दहा पोरं. दुपारी कंत्राटदाराला चहा न देता परत पाठवला. तळघराची किल्ली मी मागून घेतली. तिथे टायर ठेवणार आहे.

घरी मात्र पंचाईत झाली आहे. घड्याळं खरी आहेत हे डोक्याला कळतं, पण मन वजाबाकी करतंच. आज सकाळीही दोनदा फसले. 'परत पुढे करून ठेवू का?' म्हणून हे विचारत होते. मी जी नजर टाकली, त्यानंतर हे बागेला पाणी घालायला गेले. बाग नाहीये आम्हाला.

म्हणून म्हणते, भाऊजी. ज्या घड्याळातून मी कधीच काही वजा केलं नाही असं एकच आहे. चेष्टा नाही, मला ते खरंच लागणार आहे.

वहिनी

१९ जून

ती. वहिनींना सा. न.

तुमचं पत्र आणि दादाचं घड्याळांच्या बेताचं पत्र माझ्या दारात एकाच दिवशी पडलं. दादाचं आधी वाचलं आणि किंचाळलो. शेजारी पहिल्यांदाच आपणहून बोलला : "काय झालं?" मी म्हटलं, "भाऊ सुधारला." त्यानं सहानुभूती दाखवली.

पाठीत मारलेल्या बुक्क्यांचा हिशोब मला नको. निम्मे माझे होते, ते दादानं खाल्ले. त्याला माझ्यातर्फे शेकायला पाण्याची पिशवी द्या.

इथली शाळाही सुरू झाली. सोमवारी पावणेसातला मी खिडकीत उभा होतो. सहज. बस आली. तोच ड्रायव्हर, मिशा जरा वाढलेल्या. मी हात केला, त्यानं हिरव्या पडद्यांकडे बोट दाखवून हात जोडले. शाळेला लिहायला घेतलेलं निषेधाचं पत्र सापडलं. मागची बाजू कोरी होती, म्हणून त्यावरच हे लिहितो आहे.

या पत्राबरोबर एक खोकं येईल. उघडताना जपून, आत काच आहे. किल्ली मागच्या बाजूला चिकटवली आहे. आज सकाळी काटे पावणेसातवर आणून, आठ दिवस पुरेल अशी किल्ली देऊन, बोटानं धरून खिडकीत उभा राहिलो आणि खाली भोंगा वाजला तसं सोडलं. तेव्हा वेळेची खात्री आहे. दादाला हात लावू देऊ नका.

माझी काळजी करू नका. मला उठवायला बस आहे.

तुमचा,
भाऊजी